रायफल शिकायचीय, पण गोळी परवडत नाही? छर्र्यापासून सुरुवात करा. स्वस्त कुठे चालतं, कुठे नाही ते समजून घ्या

परभणी : कॉलेजात एनसीसी घेतलेलं पोरगं एक दिवस फायरिंगला जातं. .22 रायफलने मोजक्या गोळ्या मारतं, ग्रुपिंग चांगलं येतं आणि घरी येऊन म्हणतं, "मला नेमबाजी शिकायचीय." घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गोळ्यांचा खर्च कोण करणार?"

प्रश्न चुकीचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याच्या सुरुवातीच्या काळात गोळ्यांसाठी शिक्षक असलेल्या वडिलांना कर्ज काढावं लागलं होतं. म्हणजे खर्चाची अडचण खरीच आहे. तरीही शिकण्याचा मोठा भाग महागड्या गोळीशिवाय होतो, हे अनेकांना माहीत नसतं.

हिशोब सोयाबीनच्या भाषेत

समजा एक विद्यार्थी रोज 100 नेम मारतो आणि महिन्याला 25 दिवस सराव करतो. म्हणजे 2,500 नेम झाले. .22 ची गोळी 25 रुपयांची धरली तर महिन्याचे 62,500 रुपये होतात. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. म्हणजे जवळपास 12 क्विंटल सोयाबीन एका महिन्यात उडालं.

तेच 2,500 नेम एअर रायफलने मारले आणि छर्रा 2 रुपयांचा धरला, तर खर्च 5,000 रुपये. एक क्विंटलही नाही. भाव ब्रँडप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे कमी-जास्त होतात, पण फरक साधारण असाच राहतो.

एअर रायफल म्हणजे खेळणं नव्हे

10 मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकचा खेळ आहे. अभिनव बिंद्राचं 2008 चं सुवर्णपदक याच प्रकारातलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेता झाला.

छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि टार्गेटवरचा 10 गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. उभं राहणं, श्वास थांबवणं, ट्रिगर हळू दाबणं, नेम सुटल्यावरही रायफल स्थिर ठेवणं, ही सगळी शिस्त इथेच लागते. ती एकदा अंगात भिनली की .22 वर जाताना फार अडत नाही.

सगळ्यात स्वस्त सराव: गोळीच नको

रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, टार्गेटवर नेम धरायचा आणि नुसता ट्रिगर दाबायचा. याला ड्राय फायर म्हणतात. आवाज नाही, धक्का नाही, त्यामुळे हात कुठे हलतो ते लगेच कळतं. 100 पैकी 70 नेम असे कोरडे आणि 30 खरे मारले, तर गोळ्यांचा खर्च तिसऱ्या हिश्शापेक्षाही खाली येतो.

पण इथे एक गोष्ट सांभाळावी. मधोमध मोडून भरायची स्प्रिंगची साधी एअर रायफल रिकामी चालवू नये, आतला पिस्टन खराब होतो. स्पर्धेच्या एअर रायफलला ड्राय फायरची वेगळी सोय असते. .22 मध्येही डमी गोळी घालूनच हा सराव करावा, नाहीतर फायरिंग पिन आणि चेंबरची कड खराब होते.

स्वस्त कुठे चालतं?

* रोजच्या सरावाला साधे, चपट्या तोंडाचे शिशाचे छर्रे चालतात. चपटं तोंड कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतं, त्यामुळे गुण मोजायला सोपं जातं.
* डबा उघडल्यावर छर्रे बघून घ्या. मागची पातळ कड दबलेली असेल तर तो छर्रा बाजूला टाका, नेम इकडे-तिकडे जातो.
* वर्गासाठी डबे एकदम आणि एकाच बॅचचे घ्या. आज हा ब्रँड, उद्या तो असं केलं तर चूक पोराची की छर्र्याची, हेच कळत नाही.
* स्पर्धा जवळ आली की थोडे दिवस स्पर्धेचे चांगले छर्रे वापरा.

स्वस्त कुठे चालत नाही?

* स्टीलचे गोल छर्रे शिशाच्या छर्र्यांसाठी बनवलेल्या रायफलमध्ये घालू नका. नळीच्या आतले आटे खराब होतात आणि छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो.
* एकदा मारलेला छर्रा पुन्हा वापरू नका.
* ओल लागलेली, गंजलेली .22 ची गोळी घेऊ नका. गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मग प्रशिक्षकाच्या हुकमानेच बोल्ट उघडा.
* विनापरवाना गोळी किती का स्वस्त मिळेना, हात लावू नका. शस्त्र कायद्याखाली तो गुन्हा आहे. पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीतल्या पोरांवर गुन्हा दाखल झाला तर नोकरीची वाटच बंद होते.

परवान्याचं काय?

शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटर आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. खरेदी करताना ओळखपत्र मात्र सोबत ठेवा. .22 साठी परवाना लागतो आणि सराव अधिकृत रेंजवरच करावा लागतो. कारण सोपं आहे: .22 ची गोळी साधारण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शेताच्या बांधावरून मारलेली गोळी शेजारच्या वस्तीपर्यंत पोहोचेल.

वर्ग सुरू करण्याआधी

गावातल्या शाळेत किंवा अकॅडमीत वर्ग सुरू होत असेल तर पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षक कुठे शिकलेला आहे? टार्गेटमागे छर्रा अडवणारी भक्कम आडोशाची सोय आहे का? प्रत्येकाला डोळ्यांचा चष्मा मिळतो का? सरावानंतर पोरं साबणाने हात धुतात का? छर्रा शिशाचा असतो, हाताला लागलेलं शिसं भाकरीबरोबर पोटात जातं. लहान मुलांना ते जास्त बाधतं.

या चारपैकी एकाही गोष्टीत पैसा वाचवायचा नाही. वाचवायचा तो गोळीत. पोराला खरंच आवड आहे का, हे सहा महिने छर्र्यावर आणि ड्राय फायरवर कळतं. .22 साठी कर्ज काढायचं की नाही, हा निर्णय त्यानंतरचा.