स्वॅलोंची नळी

इमारत बांधताना परांचीला लावतात तसला ॲल्युमिनियमचा पाइप. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायचा. फसफसून बुडबुडे येतात, धातू विरघळतो, नळी पातळ होत जाते. बाहेर कधी काढायची, यातच सगळी मेख. जाड राहिली तर बॅटऱ्यांचे ओझे पेलत नाही. फार पातळ झाली तर खोल पाण्याच्या दाबाने चेपते. १९५५ साली इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या वर्मलीच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जॉन स्वॅलो हा उद्योग करत होते. शिक्षण भौतिकशास्त्राचे, हात मात्र फिटरचे.

तोवर खोल समुद्रातले प्रवाह मोजायला जहाजावरून दोरीला प्रवाहमापक सोडत. पण नांगरलेले जहाजही डुलते, सरकते. खालचे पाणी वाहिले की वरचे जहाज हलले, हे ओळखायचे कसे? स्वॅलोंनी दोरीच काढून टाकली. खोल जावे तसे पाणी दाबाने किंचित दाट होते. नळीही आवळते, पण पाण्याहून कमी. त्यामुळे वरच्या पाण्यापेक्षा जराशीच जड केलेली नळी बुडत बुडत एका खोलीवर अधांतरी थांबते आणि पाण्याबरोबर वाहू लागते. त्यासाठी सुमारे दहा किलोच्या नळीचे वजन ग्रॅमच्या हिशेबात जुळवायचे. सोनाराचे काम म्हणा ना! नळी ठरावीक वेळाने ध्वनीची टिचकी देई, जहाजावरचे लोक पाण्याखालचे आवाज टिपणारे दोन हायड्रोफोन लावून तिचा माग काढत.

१९५७ साली अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या खाली उलट, दक्षिणेकडे जाणारा प्रवाह या नळ्यांनी दाखवला. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी तो आधी कागदावर मांडला होता. हे यश मोठेच, पण मला १९६० ची फजिती जास्त मोलाची वाटते. बर्म्युडाजवळ ‘एरीज’ ही शिडाची नौका घेऊन मंडळी निघाली. तळाकडचे पाणी गोगलगाईसारखे सरकणार, तेव्हा नळ्या सोडून निवांत अधूनमधून बघून यायचे, असा बेत. नळ्या अपेक्षेच्या दसपट वेगाने निघाल्या, त्याही भलत्याच दिशांना! शांत समजलेल्या खोल समुद्रात प्रचंड भोवरे फिरत होते.

पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, १९६४ साली, स्वॅलो सोमाली प्रवाह मोजायला आपल्या बाजूलाही आले. त्याच मोहिमेतून १९६६ साली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आज ती गोव्यात दोना पावलाला आहे. नाव तेच, वर्मलीचे.

अरबी समुद्रातले आजचे आर्गो तरंगक पंपाने तेल आतबाहेर करून दर दहा दिवसांनी वर येतात आणि उपग्रहाला आकडे कळवतात. स्वॅलोंच्या नळीला वर यायची सोय नव्हती. बॅटरी असेतो ती टिचक्या देई.