एकाच आवाजाशी इमान

नाटकातल्या नायिकेच्या कमरेला, पदराआड, तळहातात मावेल एवढी एक डबी खोचलेली असते. केसांच्या रेषेत लपवलेल्या इवल्याशा माइकची वायर मानेमागून खाली उतरते ती याच डबीत. दोन पेन्सिल सेलवर चालणारी ही डबी म्हणजे चक्क एक रेडिओ स्टेशन आहे! तिची स्वतःची फ्रीक्वेन्सी, स्वतःची अँटेना. आणि प्रक्षेपणाची ताकद किती? साधारण १० मिलीवॉट. तुमच्या हॉलमधला ९ वॉटचा एलईडी बल्ब याच्या ९०० पट वीज घेतो.

बरं, ही १० मिलीवॉटची पुंजी तरी साउंडवाल्याच्या टेबलापर्यंत धड पोचते का? कुठली! ती चहूकडे पसरते. नायिकेचं शरीरच तिचा बराच वाटा गिळतं, कारण शरीरात बव्हंशी पाणी आणि पाणी या लहरी शोषून घेतं. वीस मीटरवरच्या रिसीव्हरच्या वाट्याला येतो साधारण एक कोटीवा भाग. नायिकेने पाठ फिरवली आणि पाऊल नेमकं वाईट जागी पडलं, तर हजार कोटीवा. तरीही तिचा दबका हुंदका शेवटच्या रांगेतल्या आजींना स्वच्छ ऐकू येतो. कसा काय?

आणि ही कुजबुज शांततेत येत नाही. समोर बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशातला मोबाइल गरज पडली तर २०० मिलीवॉटपर्यंत जोर लावतो, म्हणजे डबीच्या वीसपट. बाहेर मोबाइलचे टॉवर आहेत, टीव्हीचं प्रक्षेपण आहे, शेजारच्या मंगल कार्यालयातला कॉर्डलेस माइक आहे. हे सगळं एकाच वेळी त्याच अँटेनावर येऊन आदळतं. म्हणून मला वाटतं, रिसीव्हरची खरी करामत ऐकण्यात जितकी, त्याहून जास्त नाकारण्यात आहे. तो लावताना आपण जी जी बटणं दाबतो, ती बहुतेक सगळी त्याला कुणाचं ऐकायचं नाही ते शिकवण्यासाठीच असतात.

समजा, नायिकेची डबी ६०० मेगाहर्ट्झवर बोलते आहे. सेकंदाला ६० कोटी आंदोलनं! तिचा आवाज या आकड्याच्या आजूबाजूला जेमतेम ०.२ मेगाहर्ट्झच्या पट्टीत मावतो. ६०० मधून ०.२ वेगळं काढायचं म्हणजे तीन हजारांतला एक भाग. इतकी बारीक गाळणी, तीही हव्या त्या फ्रीक्वेन्सीवर सरकवता येणारी, बनवणं महाकठीण. मग रिसीव्हर एक सुंदर युक्ती करतो. तो स्वतःच आत एक लहर तयार करतो, समजा ६१०.७ ची. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या वजाबाकीएवढी तिसरी जन्माला येते: १०.७. आणि नायिकेचा आवाज जसाच्या तसा या नव्या लहरीवर येऊन बसतो! आता १०.७ मधून ०.२ गाळायचं म्हणजे साधारण पन्नासांतला एक भाग. एवढं सहज जमतं. तुम्ही बटण दाबून फ्रीक्वेन्सी बदलता तेव्हा गाळणी जागची हलतही नाही, बदलते ती फक्त आतली लहर. ही कल्पना एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी इंजिनियराला १९१८ साली सुचली, पहिल्या महायुद्धात तो सैन्याबरोबर पॅरिसला होता तेव्हा. डबी ज्या एफएम पद्धतीने आवाज पाठवते तीही त्याचीच, तिची पेटंटं १९३३ ची. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वजाबाकीवर आजचे कितीतरी रिसीव्हर चालतात.

आता रिसीव्हर ठेवायचा कुठे? रंगमंच सरळ दिसेल अशा जागी, आणि बसलेल्या माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच. लोखंडी कपाटात किंवा मिक्सरच्या खाली खुपसून मुळीच नाही. दुपारच्या तालमीला झकास चाललेलं कॉर्डलेस रात्री हाउसफुल्ल झाल्यावर अडखळतं, ते का? कारण दुपारी मध्ये रिकाम्या खुर्च्या होत्या आणि रात्री तिथे शेकडो माणसं, म्हणजेच लहरी पिणारं कित्येक टन पाणी येऊन बसलं!

रिसीव्हरच्या दोन अँटेनांकडे पाहा. ६०० मेगाहर्ट्झची एक लहर ५० सेंटिमीटर लांब असते. तिचा चौथा हिस्सा १२.५ सेंटिमीटर, आणि अँटेनाची लांबी साधारण तेवढीच! पण दोन कशाला? डबीतून निघालेली लहर थेट येते, तशीच भिंतीवरून, दिवे टांगलेल्या लोखंडी पाइपांवरूनही उसळून येते. वाटेची लांबी वेगळी, म्हणून एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच जागी एकाच क्षणी येऊन पडू शकतो. दोघी एकमेकींना खोडून टाकतात आणि त्या बिंदूवर जवळजवळ काहीच उरत नाही. डबी चालू, सेल नवे, अंतर जेमतेम, आणि तरीही आवाज गडप! असे मेलेले बिंदू नाट्यगृहाच्या हवेत जागोजागी असतात. नायिका वीतभर सरकली की रिसीव्हरपाशी ते आपली जागा बदलतात.

उपाय किती साधा. थोड्या अंतरावर दुसरी अँटेना लावायची. दोन्ही जागा एकाच क्षणी मेलेल्या असण्याची शक्यता फार कमी. एक अँटेना शंभरांतला एक क्षण आंधळी होत असेल, आणि दुसरीचा तिच्याशी काही संबंध नसेल, तर दोघी एकदम आंधळ्या होणार दहा हजारांतल्या एका क्षणी. चांगल्या रिसीव्हरमध्ये तर दोन अँटेनांमागे दोन स्वतंत्र रिसीव्हरच असतात, आणि कुणाकडे सिग्नल बरा आहे याचा निवाडा सतत चालू असतो. प्रयोग चालू असताना त्याच्या तोंडावरचे ए आणि बी हे दोन छोटे दिवे जरूर पाहा. नटी दोन पावलं चालली की ए वरून बी, बी वरून पुन्हा ए. कानाला पत्ताही लागत नाही. अँटेना व्ही आकारात तिरप्या ठेवतात त्यालाही कारण आहे. नट वाकतो, बसतो, आडवा पडतो आणि त्याच्याबरोबर डबीची अँटेनाही कलंडते. तिरप्या दोघींपैकी एक तरी तिच्याशी थोडीफार जुळतेच.

डबी बंद केली की काय व्हायला हवं? एफएम रिसीव्हर सिग्नल गेला म्हणून गप्प बसत नाही. उलट हवेतला गोंधळ पकडून तो पूर्ण जोरात खरखरतो. म्हणून त्यात स्क्वेल्च नावाचा पहारेकरी असतो. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की तो तोंड बंद करतो. पण त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्याच कुणाचा दणकट सिग्नल आला तर? त्यासाठी बऱ्याच डब्या आवाजाबरोबर एक गुप्त सूर पाठवत राहतात, ३२.७६८ किलोहर्ट्झचा. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही, त्यामुळे नाट्यगृहात तो कुणालाच कळत नाही. हा सूर आला तरच रिसीव्हर दार उघडतो. आणि हा विचित्र आकडा आला कुठून? तुमच्या मनगटावर क्वार्ट्झ घड्याळ असेल तर त्यातला स्फटिक नेमका सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो! या संख्येला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाचा एक ठोका. असे स्फटिक घड्याळांसाठी कोट्यवधींनी बनतात, स्वस्त मिळतात. घड्याळाचं काळीज इथे नटीची ओळखखूण बनलं!

हुंदक्यापासून किंकाळीपर्यंतचा सगळा पल्ला त्या अरुंद पट्टीत मावत नाही. म्हणून डबी आवाज गोधडीसारखा घडी घालून पाठवते आणि रिसीव्हर तो त्याच घडीने उलगडतो. दोघांची घडी एकच हवी, म्हणून एका कंपनीची डबी आणि दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर असा संसार सहसा जमत नाही.

आता एका नटीऐवजी दहा नट घ्या. प्रत्येकाला वेगळी फ्रीक्वेन्सी दिली की झालं? नाही. एक डबी ६००.० वर आणि दुसरी ६००.४ वर असेल आणि दोघं नट गळाभेट घेत असतील, तर त्यांच्या लहरी एकमेकींच्या डबीत शिरतात आणि दोन भुतं जन्मतात, ५९९.६ आणि ६००.८ वर. तिथे कुणी पाठवणारा नाही, तरी सिग्नल आहे! तुम्ही सरळ हिशेबाने तिसऱ्या नटाला ६००.८ दिलंत की त्याचा आवाज गेलाच. समान अंतरावर फ्रीक्वेन्सी वाटणं दिसायला नीटनेटकं, पण तेच सर्वांत घातक. दहा डब्यांच्या जोड्यांतून अशी ९० भुतं निघतात, तिघा-तिघांच्या मिश्रणातून आणखी ३६०. या सगळ्यांना चुकवणारे वेडेवाकडे आकडे कारखान्यातच काढून ठेवलेले असतात. रिसीव्हरच्या मेनूत ‘ग्रुप’ म्हणून दिसतं ते हेच.

म्हणून लावण्याचा क्रमही ठरलेला. आपल्या सगळ्या डब्या बंद ठेवून रिसीव्हरला स्कॅन करू द्यायचा, म्हणजे परकं कोण कुठे बोलतंय ते त्याला कळतं. त्याने मोकळी जागा सुचवली की डबी त्याच्यासमोर धरून सिंक दाबायचं. टीव्हीच्या रिमोटसारख्याच इन्फ्रारेड किरणांनी तो आकडा डबीला कळवतो. ती डबी आता चालूच ठेवायची आणि पुढच्या रिसीव्हरचं स्कॅन करायचं. चालू डब्यांचा टेबलावर ढीग मात्र घालू नका, तिथेच भुतांची जत्रा भरते.

मग गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. इथे ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ काही कामाचं नाही. नटाने सर्वांत मोठ्याने म्हणायचं वाक्य खरोखर तसंच म्हणायला हवं आणि लाल दिवा फक्त त्याच्या टोकाला लुकलुकायला हवा. कारण नट दर वेळी वेगळं म्हणतो, त्याचा हा किस्सा. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून आली, त्यावरूनच ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका झाली. तिच्या १९६४ च्या चित्रपटात प्राध्यापक हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला साफ नकार दिला. तो अर्धं गात, अर्धं बोलत असे आणि दोनदा एकसारखं कधीच म्हणत नसे. तेव्हा त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवला आणि गाणी चित्रीकरणातच थेट टिपली. त्या चित्रपटाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं! नट आज कुठली ओळ किती उंच नेईल हे त्यालाही ठाऊक नसतं. गेन लावताना ती जागा राखून ठेवायची असते.

आणि शेवटी वेग. डबीतून निघालेली लहर वीस मीटर अंतर सेकंदाच्या दीड कोटीव्या भागात कापते. हवेतून निघालेला तोच हुंदका तिथे पोचायला ५८ मिलिसेकंद घेतो. म्हणजे मागच्या रांगेजवळच्या स्पीकरमधला हुंदका नटीच्या ओठांवरच्या हुंदक्याआधीच आजींच्या कानी पडणार! मेंदूचा कायदा असा की आवाज आधी जिथून येतो तिथेच बोलणारा आहे. मग नटी रंगमंचावर रडते आणि आवाज मात्र भिंतीतून येतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने हा कायदा १९४९ साली तपशिलात मोजून दाखवला. म्हणून जाणता साउंडवाला शेवटचं एक काम करतो. प्रकाशाच्या वेगाने धावत आलेला तो हुंदका मिक्सरमध्ये सत्तर मिलिसेकंद अडवून धरतो, हवेतून चालत येणाऱ्या हुंदक्याला पुढे जाऊ देतो, आणि मग त्याच्या पाठोपाठ स्पीकरला सोडतो.