डॉक्टर बोलायच्या आधी पेशंट काय ऐकतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. विषय आहे, डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना न बोलता बोलायला कसं शिकवतात.

मी मूळचा वर्ध्याचा, कामानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. काही वर्षांपासून हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतोय. पेशंटची नोंद, तपासण्या, औषधं, सगळं एका स्क्रीनवर. मागच्या वर्षी आजीला एका दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या दवाखान्याचा नाही. डॉक्टर हुशार होते, रिपोर्ट नीट वाचले, औषधं लिहून दिली. पण सहा-सात मिनिटांत त्यांची नजर मॉनिटरवरून जवळपास हललीच नाही.

बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "काऊन रे, थो डॉक्टर माह्याशी बोलला का टीव्हीशी?" मी हसलो. रात्री जेवताना कळलं की जिना चढताना छातीत दुखतं, हे तिनं आत सांगितलंच नव्हतं. का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "त्यानं पाह्यलंच नाही माह्याकडं, मंग काय सांगू?"

माझं हसू तिथंच थांबलं. कारण तसाच स्क्रीन मी स्वतः बनवतो. त्यात तेवीस रकाने सक्तीचे होते, आणि ते भरल्याशिवाय डॉक्टरला पुढं जाताच येत नव्हतं.

आता मुद्द्यावर येऊ. नजर, बसण्याची पद्धत, आवाजाचा सूर, स्पर्श, मधली शांतता, हे सगळं म्हणजे शब्दांशिवायचा संवाद. 'संवाद ९३ टक्के देहबोलीचाच असतो' असं रीलवर तुम्ही ऐकलं असेल. ते विसरा. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आला. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. 'ही गोळी दिवसातून दोनदा घ्या' हे काही ९३ टक्के देहबोलीनं सांगता येत नाही. त्यातून घ्यायची गोष्ट छोटी आहे. भावनेच्या बाबतीत शब्द एक सांगत असतील आणि चेहरा दुसरं, तर माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. डॉक्टर 'सांगा ना आजी' म्हणाले होते, पण त्यांची मान 'लवकर आटपा' म्हणत होती.

"पण डॉक्टरांना वेळ कुठंय?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये एक छोटा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. १२० पेशंट होते. काहींच्या खाटेपाशी डॉक्टर उभे राहून बोलले, काहींच्या बाजूला बसून. दोन्हीकडे प्रत्यक्ष वेळ साधारण सारखाच, एक-दीड मिनिट. पण डॉक्टर बसले तेव्हा पेशंटना वाटलं की ते बराच जास्त वेळ थांबले. म्हणजे एक स्टूल पुढं ओढायचं, बस.

आणि हे शिकवता येतं. स्वभावच असावा लागतो, असं नाही. जेरार्ड इगन यांनी समुपदेशकांसाठी एक सोपी यादी केली होती. समोरासमोर बसा, हाताची घडी नको, किंचित पुढं झुका, नजर मिळवा, अंग सैल ठेवा. आपल्या गावात ही यादी जशीच्या तशी चालत नाही, हेही शिकवावं लागतं. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईकडं तरुण डॉक्टरनं टक लावून पाहिलं तर ती आणखीच गप्प होईल. आणि पेशंट मान हलवतो म्हणजे त्याला समजलं असं नाही. कित्येकदा ती मान फक्त आदरानं हललेली असते.

सराव कसा करायचा? १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी धडधाकट माणसांना पेशंटची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. तपासणी झाली की तोच 'पेशंट' सांगणार, मला कुठं अवघडल्यासारखं झालं. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमध्ये रोनाल्ड हार्डन यांनी टेबलाटेबलावर फिरत द्यायची परीक्षा मांडली, तिला आज ऑस्की म्हणतात. तिच्यात 'पेशंटशी वागणं' यालाही मार्क देता येतात. आणखी एक सोपा सराव म्हणजे स्वतःचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहणं. आम्ही इंजिनिअर लॉग वाचतो ना, तसंच. चूक नेमकी कुठं झाली ते दिसतं.

भारतात २०१८ मध्ये मेडिकल कौन्सिलनं 'एटकॉम' हा अभ्यासक्रम आणला. वृत्ती, नीती आणि संवाद असे त्याचे तीन भाग. २०१९ च्या बॅचपासून तो एमबीबीएसला सक्तीचा झाला.

आमच्या वर्ध्यात मात्र याची एक वेगळी शाळा आधीपासून आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केली. तिथं नवी मुलं सुरुवातीला गांधीजींच्या आश्रमात शिबिराला राहतात. नंतर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडं काही कुटुंबं सोपवली जातात. मुलं वेगवेगळ्या राज्यांतून आलेली, अनेकांना मराठी येत नाही. मग ओट्यावर बसणं, दिलेला चहा पिणं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मधे न तोडता ऐकणं, हीच त्यांची पहिली भाषा होते.

त्याच आश्रमात परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित, त्यांना कुष्ठरोग झालेला. त्या काळी या रोगावर आजच्यासारखं खात्रीचं औषध नव्हतं, आणि लोक सावलीही टाळायचे. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांना मालिश केलं. स्पर्श काय सांगू शकतो, यावर यापेक्षा मोठं लेक्चर मला माहीत नाही. अर्थात आजच्या विद्यार्थ्यानं आधी विचारायचं, "हात लावू का?" तो प्रश्नसुद्धा उपचारातच मोडतो.

आजीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी परत नेलं. ईसीजी काढायला आलेली इंटर्न मुलगी स्टूल ओढून आजीसमोर बसली आणि काही न बोलता थांबली. आजीनं जिन्यापासून सगळं सांगितलं. औषध बदललं, आता आजी बरी आहे.

आमच्या टीमशी मी बरेच दिवस भांडलो. तेवीसमधले चौदा रकाने आता नर्सकडं बाहेरच भरले जातात. डॉक्टरच्या स्क्रीनवर पहिल्या मिनिटाला काहीच टाइप करावं लागत नाही. डॉक्टरला माणसाकडं बघायला शिकवायचं आणि यंत्रानं त्याची मान धरून ठेवायची, असं चालणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी एमबीबीएसला असेल तर हा एपिसोड पाठवा. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेलं, की केबिनबाहेर पडल्या पडल्या, रिक्षात बसायच्या आधी, एवढं विचारा, "आत सांगायचं काही राहिलं का?"

राहिलं असेल, तर परत आत जा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.