अँथ्रासीनचा लाल रंग

वरोऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत पिक्रिक आम्ल कायम ओलं ठेवतो. कोरडं पडलं तर घर्षणानंही त्याचा स्फोट होऊ शकतो, म्हणून धातूचा चमचा त्याला लावत नाही.

बीएस्सीची मुलं त्याचं पिक्रेट करतात. गरम अल्कोहोलमध्ये नॅफ्थॅलीन, म्हणजे जुनी डांबरगोळी, विरघळवायचं, त्यात पिक्रिक आम्लाचं द्रावण ओतायचं आणि निवू द्यायचं. पिवळ्याधमक सुया उतरतात. नॅफ्थॅलीन ८० अंशांना वितळतं, पिक्रिक आम्ल १२२ला; या सुया मात्र १५०च्या आसपास. तरी एकही बंध तुटलेला नसतो की नवा जुळलेला नसतो. नॅफ्थॅलीनच्या सपाट कड्यांवर इलेक्ट्रॉन मुबलक, पिक्रिक आम्लाच्या कड्यावरचे तीन नायट्रो गटांनी ओढून घेतलेले. म्हणून दोन्ही रेणू थप्पीतल्या भाकऱ्यांसारखे एकमेकांवर बसतात.

डांबरगोळीच्या नावातलं डांबर दगडी कोळशाचं. इंग्रजांनी १९व्या शतकात खाण काढली त्या वरोऱ्यात हे शिकवताना मला फार बरं वाटतं.

अँथ्रासीनचं पिक्रेट नॅफ्थॅलीनच्या पिक्रेटहून देखणं, माणकासारखं लाल. एकदा ते टोल्यूईनमधून काढलं होतं. एका मुलीनं स्वच्छ व्हावं म्हणून त्यावर अल्कोहोल ओतलं. बघता बघता लाली फिकटली, पिवळं पाणी खाली गळालं आणि गाळणकागदावर पांढुरकं अँथ्रासीन उरलं.

"सर, रंगच गेला ना!"

तिला चूक वाटली. मला तोच धडा वाटतो. दोन रेणूंची ही पकड सैल आहे, आणि उत्प्रेरकाला अशीच लागते. अभिक्रिया घडताना रेणू एका अवघड चढावरून जातो. काही अभिक्रियांत तिथं त्याच्यावरचा ऋणभार सरकतो, पसरतो. नेमक्या त्या क्षणी इलेक्ट्रॉनांची ओढ असलेली सपाट चकती शेजारी असली, तर चढ कमी होतो. जिनिव्हातल्या स्टेफान माटिले यांच्या गटानं २०१३मध्ये हे केम्प विलोपन नावाच्या अभिक्रियेवर दाखवलं. त्यांची चकती नॅफ्थॅलीनचीच होती, फक्त दोन्ही टोकांना इमाइड गट लावून इलेक्ट्रॉन कमी केलेली. पकड घट्ट असती तर तयार झालेला रेणू सुटलाच नसता, आणि पुढच्याला जागा मिळाली नसती.

मुलीनं प्रयोग पुन्हा लावला. या वेळी धुतलं नाही. स्फटिक गाळणकागदावर नुसते निथळू दिले. कागदावर लाल ठसे उमटले.