राजूरची गोधडी

राजूर म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला आधी आठवतो तो टेकडीवरचा गणपती. गणेशभक्तांच्या साडेतीन पीठांत मोरगाव, पद्मालय आणि चिंचवड यांच्या जोडीने राजूरचे नाव घेतात. जालन्याच्या उत्तरेला पंचवीसएक किलोमीटरांवरचे, भोकरदन तालुक्यातले हे गाव. अंगारकी चतुर्थी आली की जालन्याहून रात्रभर पायी येणाऱ्यांची रीघ लागते आणि नारळ-फुलांच्या दुकानांतून वाट काढणे कठीण होते. राजूरला जाऊन आलेला माणूस घरच्यांसाठी प्रसाद आणतो. मी मात्र गेली कित्येक वर्षे तेथे आणखी एक गोष्ट डोळे भरून पाहून येतो. माझी आत्या राजूरला असते, आणि आत्या गोधड्या शिवते.

‘दिवाळी अंकात लिहायला हाच विषय सापडला काय?’ असे एखाद्या वाचकाच्या मनात आले असेल. त्यात त्याचा दोष नाही. गोधडीला आपण दारिद्र्याची खूण मानत आलो. पाहुणे यायचे झाले की तिची वळकटी कपाटात जाते आणि पलंगावर सोलापुरी चादर येते. परंतु आपल्या जुन्या माणसांनी तिला कधी हीन लेखले नाही. संस्कृतातली कंथा ती हीच, आणि विरक्ताच्या खांद्यावर ती मानाने बसलेली आहे. तिच्या थोरल्या बहिणीचे, वाकळेचे, नाते वल्कलाशी जोडतात. ठिगळांचे वस्त्र पांघरून आणि हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचे तर ग्रामदैवतच गोदड महाराज!

दुपारचे तीन तास

आत्याचा दिवस पहाटे सुरू होतो. सडा, चहा, दूध, भाकऱ्या, शेतावर जाणाऱ्यांचे डबे, शाळेत जाणाऱ्यांच्या वेण्या. चूल गेली, गॅस आला. पण कामांची यादी काही कमी झाली नाही. जेवणे आटोपली, भांडी पालथी पडली की एकच्या सुमारास ओसरीवर एक जुने लुगडे अंथरले जाते. त्याच्या चारी कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या, सुरकुती हातानेच सारखी करायची. त्यावर दुसरा थर, तिसरा थर. विरलेली धोतरे, सदरे, पलंगपोस, जे जे अंगाला मऊ झाले आहे ते ते सारे. मग सगळ्यांत वर ती रंगीत तुकडे मांडत बसते, आणि तिची खरी परीक्षा येथे असते.

हाती कागद नाही, पेन्सिल नाही. तुकडा ठेवायचा, दोन पावले मागे सरून पाहायचे, मान हलवायची, उचलायचा. जुन्या चोळीच्या खणाचा हिरवा चौकोन लाल काठाशेजारी का नको आणि निळ्या सदऱ्याच्या शेजारी का हवा, हे मी एकदा विचारले. आत्या म्हणाली, “रंगाला शेजार लागतो रे बाबा. माणसाला लागतो तसाच. दोन भांडकुदळ शेजारी ठेवले तर गोधडीत झोप कशी यायची?” रंगसंगतीवर याहून सोपे व्याख्यान मी अजून ऐकलेले नाही.

मांडणी मनासारखी झाली की धावदोरा सुरू. कडेकडेने सुई निघते, चारी बाजूंनी फेऱ्या घालत आत येते आणि चौकोनात चौकोन बसवत मध्याला पोचते. कुणी आडव्या सरळ ओळी घालते. आत्याला मात्र फेऱ्याच आवडतात. शेजारच्या दोघी-तिघी आल्या तर एकेक बाजू धरून बसतात. तोंडे चालू, हात चालू. लग्ने जमतात, मोडतात, कापसाचा भाव निघतो, दवाखान्याची चौकशी होते. चारच्या सुमारास मुले घरी आली की गुंडाळी करून गोधडी कोनाड्यात जाते.

एकदा मास्तरकीच्या सवयीने मी हिशोब मांडला. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर धरले तर चौसष्ट ओळी. एका इंचात तीन टाके धरले तर एका ओळीत २१६. म्हणजे गोधडीभर १३,८२४ टाके! तेही पाच-सहा थरांतून सुई आरपार काढून. हा आकडा ऐकवला तेव्हा आत्या हसली नि म्हणाली, “मोजले असते तर शिवलीच नसती.”

पूर्णेकाठची सहल

शहरात आपण पावसाळा सरला की महाबळेश्वरचे बेत आखतो. आत्याच्या घरची शरद ऋतूतली सहल ठरलेली असते, आणि तिचे निमित्त गोधड्याच पुरवतात. घटस्थापनेच्या आधी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा नेम. भिजलेली गोधडी दोन माणसांनाही आवरत नाही, म्हणून सगळे घरच नदीवर जाते. पूर्वी बैलगाडी जुंपत, आता टेम्पो सांगतात. गोधड्यांच्या ढिगावर मुले आणि मुलांच्या मांडीवर भाकऱ्यांचे गाठोडे, अशी वरात पूर्णेच्या वाटेला लागते.

अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा या दिवसांत निवळशंख असते. दुतर्फा कपाशीच्या बोंडांतून पांढरे डोकावू लागलेले, बांधावर सीताफळाचे डोळे उघडलेले. बायका धोपाटणी चालवतात, पुरुष दोन टोके धरून पीळ घालतात. एरवी घरात पाण्याचा पेला न उचलणारे माझे आतेभाऊ या एका दिवशी गुडघाभर पाण्यात उभे असतात! मग ऊन लागलेल्या खडकांवर गोधड्या पसरल्या जातात. पिठले-भाकरी, ठेचा आणि शेवटी सीताफळे होईपर्यंत साऱ्या वाळू लागतात.

आणि तेव्हा खरी मौज सुरू होते. मुले गोधड्यांवरून वाकून शोध घेतात. “हा माझा बालवाडीतला सदरा!” “हे आजोबांचे धोतर!” “आणि ही जरीची कड कुणाची गं?” मोठ्यांपैकी कुणीतरी सांगते, ती पणजीच्या लग्नातल्या लुगड्याची. जिला या मुलांनी पाहिले नाही ती पणजी अशी उन्हात पाय पसरून त्यांच्यात येऊन बसते. फोटोंचा संग्रह आपणही ठेवतो. पण फोटो पांघरता येत नाही.

टाका का सरकू लागला?

एवढे असून गेल्या काही वर्षांत आत्याची सुई मंदावली आहे. हात थकले, हे कारण खरे. पण पुरते नव्हे. गोधडीचा जीव सुती कापडात. नऊवारी लुगडी वर्षानुवर्षे धुऊन दुधाच्या सायीसारखी मऊ होत, तीच गोधडीचे अस्तर नि भर. घरात नऊवारी नेसणारी आता आत्या एकटीच. सुनांच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या. त्या झिजत नाहीत, विरत नाहीत, घाम शोषत नाहीत. “त्यात टाका सरकतो, आणि अंगाला चिकटतं,” आत्या तक्रार करते. भोवती कापसाची शेते, गाड्याच्या गाड्या भरून कापूस बाजाराला चाललेला, आणि घरात गोधडीपुरते सुती कापड नाही, ही आमच्या जालना जिल्ह्याची गंमत म्हणावी की खंत?

अशातच पुण्याहून एका ओळखीच्या कुटुंबाकडून निरोप आला. त्यांना दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला गोधडी हवी होती. नवे सुती कापड ते देणार, शिवायची राजूरला. आत्या मनातून नाराज झाली. “पांघरायची वस्तू भिंतीला टांगून काय करणार? आणि गोधडी लेकीला द्यायची, नातवाला द्यायची. तिचे पैसे कुणी घेतं का?” वहिनीने मात्र पदर खोचला. मला म्हणाली, “भाऊजी, तुम्हीच सांगा. एवढे दिवस मी कापूस वेचायला गेले असते तर मजुरी मिळाली असती की नाही? मग सुईची मजुरी तेवढी फुकट का?” त्या दिवशी जेवताना कुणी कुणाशी बोलले नाही.

मला दोघींचेही पटत होते. लेकीच्या बाळंतविड्यात दुपटे-कुंचीबरोबर जाणारी गोधडी ही किमतीत बसणारी वस्तूच नव्हे. पण दुसऱ्यांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या मजुरीवर शिवून देणाऱ्या बायका पूर्वीही होत्या. म्हणजे सुईचे मोल घेणे ही काही आजची भ्रष्ट चाल नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकाही जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांचे ‘फूल’ लावल्याखेरीज त्यांची गोधडी नेसलेली होत नाही, उघडीच राहते, असे त्या मानतात. हौसेने शिवलेली त्यांचीही गोधडी आज घराबाहेर विकली जाते.

आणखी एक उदाहरण दूरचे आहे, पण ते कापसाच्याच मुलखातले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यात राबवल्या गेलेल्या गुलामांचे वंशज तेथे राहतात. तेथल्या बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी नि सदरे जोडून थंडीपुरत्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, तेव्हा जाणकार थक्क झाले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे तिकिटांवर छापली. आणि २००७ साली, आपल्या कामाचा रास्त वाटा आपल्याला मिळाला नाही म्हणून काही जणींनी कोर्टात दावे लावले. ते पुढल्या वर्षी मिटले. कौतुक मिळाले म्हणजे सारे मिळाले, असे होत नाही. ज्या हातांनी टाके घातले त्यांचे नाव आणि मोल आधीच ठरवून घ्यावे लागते.

ही हकीकत मी रात्री ओसरीवर सांगितली. आत्याने ती मन लावून ऐकली. शेवटी तिने एकच प्रश्न केला : “त्या बायांनी पुढे शिवणं सोडलं का?” नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. सकाळी तिनेच वहिनीला बोलावले. तोड निघाली ती अशी : पुण्याची गोधडी वहिनी शिवणार, दिवसांची मजुरी आधी ठरवून, मांडणी आत्या सांगणार, आणि मागच्या बाजूला कोपऱ्यात दोघींची नावे दोऱ्याने घालायची. आपले नाव शिवायचे म्हणताच आत्या लाजली. तिने आजवर ज्यांच्या ज्यांच्यासाठी शिवले, त्यांच्या कपड्यांचे तुकडे त्या गोधड्यांत आहेत; तिचे नाव कोणत्याच गोधडीवर नाही.

गोधडीला कला म्हणावे की नाही, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला एवढे कळते की जुन्यातून नवे करणारी नजर आणि रोजच्या कामातून चोरून काढलेले तीन तास, यांच्यावाचून ती होत नाही; आणि ज्या समाजाला या दोन्हींची किंमत कळत नाही त्याच्या वाट्याला शेवटी बाजारातले रंगीत ब्लँकेट तेवढे उरते. ते उबदार असते, यात शंका नाही. पण त्यावर बोट ठेवून ‘हा कुणाचा सदरा?’ असे कुणी मूल विचारणार नाही.

तेव्हा गृहिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेच्या तळाशी आईचे एखादे सुती पातळ, सासूबाईंचे विरलेले लुगडे हाती लागले तर बोहारणीच्या टोपलीत टाकण्यापूर्वी घटकाभर थांबा. स्टीलचे पातेले केव्हाही घेता येईल. घरात सुई धरणारी एखादी आजी असेल तर ते तिच्यापुढे ठेवा, आणि नातवंडांना तिच्या शेजारी बसवा. घरात कुणी नसेल तर शिवून देणारी बाई शोधा. तिची मजुरी घासाघीस न करता द्या. आणि गोधडी हाती आली की तिला एवढे जरूर सांगा : “बाई, कोपऱ्यात तुमचे नाव घाला.”