धूर आगीच्या आधी पोहोचतो

बाळंतपण असो की ऑपरेशन, निडीहून आपली माणसे रोहा, अलिबाग किंवा थेट मुंबईच्या दवाखान्यात जातात. डॉक्टर कोण, खर्च किती, रक्त मिळेल का, एवढे आपण विचारतो. आग लागली तर धूर कुठून जाईल, हे कुणी विचारत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. दहा बाळे दगावली. त्यांतली तीन भाजून, तर सात धुराने गुदमरून गेली. ज्वाळेपेक्षा धुराने जास्त जीव घेतले.

धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. झोपलेला माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध पडतो.

मोठ्या इमारतीत एसीची हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत फिरते. एका खोलीतला धूर त्याच वाटेने दुसरीकडे जातो. म्हणून डक्टवर धूर ओळखणारे यंत्र बसवतात. भोके पाडलेल्या नळीतून थोडी हवा यंत्रात येते. धुराच्या कणांवर प्रकाश विखुरला की भोंगा वाजतो. जोडणी नीट असेल तर पंखा बंद होतो आणि डक्टमधली झडप मिटून धुराची वाट अडते. पण पंखाच बंद असेल, तर डक्टमध्ये हवा वाहत नाही आणि या यंत्राला धूर कळत नाही. म्हणून छतावरचे डिटेक्टरही लागतातच.

ही गोष्ट फक्त दवाखान्याची नाही. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या एसआरए इमारतीत खाली पार्किंगला आग लागली आणि धूर वर चढला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली माणसे गुदमरून मेली. आपलेही नातेवाईक अशाच इमारतींत राहतात.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, मालकाने किंवा वापरणाऱ्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचे असते. सोसायटीच्या सभेत ते मागा. दवाखान्यातही विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

घरात एवढे पाळा. जिन्यात गाड्या, गाद्या, भंगार ठेवू नका. धूर दिसला तर खाली वाकून, तोंडाला ओला कपडा धरून बाहेर पडा. मागे दार ओढून घ्या. लिफ्ट वापरू नका. जिना धुराने भरला असेल, तर घरातच थांबा, दाराच्या फटीत ओले कापड कोंबा आणि खिडकीतून हाका मारा. १०१ वर फोन करा.

तथागतांनी अप्रमाद, म्हणजे सावधपणा शिकवला. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या, आणि मुलांकडून १०१ हा नंबर पाठ करून घ्या.

जयभीम.