रांग विकत घेणारं संग्रहालय

संग्रहालयाच्या आतून : लेखांक ६

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात एखाद्या दिवशी माणसं रांग लावून उभी दिसतात. कुणी घड्याळ बघतं, कुणी या पायावरचा भार त्या पायावर घेतं, कुणी पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतं. पुढे खिडकी नाही, तिकीट नाही, आणि रांग काही केल्या सरकत नाही. थोड्या वेळानं एखादा प्रेक्षक गुपचूप जाऊन शेवटी उभा राहतो. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी मिळत असणार! पुढे काहीच नाही. रांग हीच कलाकृती आहे.

स्लोव्हाक कलावंत रोमान ओन्दाकची ही कृती २००३ सालची. तो समाजवादी चेकोस्लोव्हाकियात लहानाचा मोठा झाला, जिथे दुकानापुढची रांग रोजचीच होती. रेशनच्या साखरेसाठी पिशवी आणि रॉकेलसाठी डबा घेऊन ज्यांनी बालपणातल्या कितीतरी सकाळी घालवल्या, त्यांना या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २००५ मध्ये टेटनं ही रांग आपल्या संग्रहासाठी विकत घेतली. टेटच्या संग्रहात आलेला हा पहिला परफॉर्मन्स.

पैसे मोजून टेटनं घेतलं काय? कलावंताच्या सूचना, आणि त्यांप्रमाणे रांग पुन्हा पुन्हा लावण्याचा हक्क. मागच्या आठवड्यात आपण गोदामं पाहिली: ठरावीक तापमान, लाकडी पेट्या, हातमोजे. तिथले शत्रू म्हणजे कसर, बुरशी, गंज. इथे शत्रू एकच, विसर. माणसांनी किती अंतरावर उभं राहायचं, चेहऱ्यावर कंटाळा ठेवायचा की आशा, हे ज्याला नेमकं ठाऊक आहे तो निवृत्त झाला की कागदावरच्या सूचना तोकड्या पडू लागतात. म्हणून टेटनं २०१२ ते २०१४ या काळात इतर संस्थांना बरोबर घेऊन या विषयावर संशोधन केलं आणि अशी कृती संग्रहात घेताना काय काय विचारायचं, याची यादीच केली. माणसं किती लागतील, प्रयोग किती वेळ चालेल, कुठल्या जागेत करायचा, असे तिचे प्रश्न.

प्रेक्षकांना आधी सांगायचं की नाही, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. क्यूबाच्या तानिया ब्रुगेरानं २००८ मध्ये टेटच्या टर्बाइन हॉलमध्ये दोन घोडेस्वार पोलीस आणले, एकाचा घोडा पांढरा, दुसऱ्याचा काळा. पोलीस खरे, आणि गर्दी आवरण्याचं त्यांचं प्रशिक्षणही खरं. घोडे आडवे घालत त्यांनी लोकांना मागे रेटलं, एका बाजूला गोळा केलं, गर्दीचे दोन भाग केले. लोक निमूट हलले. ‘ही कलाकृती आहे’ अशी पाटी दारात असती, तर त्याच लोकांनी घोड्यांबरोबर फोटो काढले असते. ही कृतीही आता टेटच्या संग्रहात आहे, आणि तिच्याबरोबर ते न सांगणंही सांभाळावं लागतं.

एक अट सैल झाली की काय होतं, ते न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात दिसलं. १४ मार्च ते ३१ मे २०१० या काळात परफॉर्मन्स करणारी कलावंत मरीना अब्रामोविच तिथे रोज खुर्चीवर बसून राहिली, सातशेहून अधिक तास, समोर येऊन बसेल त्याच्या डोळ्यांत बघत, एक शब्द न बोलता. त्याचा बोलबाला जगभर झाला. मला मात्र वरच्या मजल्याबद्दल सांगायचं आहे. तिथे तिच्या जुन्या कृती तिनं तयार केलेले तरुण कलाकार पुन्हा करत होते. १९७७ मध्ये इटलीत बोलोन्याला ती आणि तिचा साथीदार उले एका कलादालनाच्या अरुंद दारात विवस्त्र, समोरासमोर उभे राहिले होते. आत जायचं तर दोघांच्या मधून, अंग चोरून, आणि तोंड कुणाकडे करायचं ते ठरवूनच जावं लागे. मोमानं शेजारून दुसरी वाट ठेवली. कारणं समजण्यासारखी आहेत, पण ज्या क्षणी वळसा घालता येऊ लागला, त्या क्षणी ती कृती निराळी झाली, असं माझं मत आहे. आणि उभे होते ते तर हाडामांसाचे! काही प्रेक्षकांनी नको तिथे हात लावले, त्यांना बाहेर काढावं लागलं. पाळ्या आणि मानधन यांसाठी कलाकारांना बोलणी करावी लागली. चित्राच्या चौकटीला तडा गेला तर संग्रहालयात धावपळ उडते. उभ्या माणसाच्या पाठीला रग लागली तर तीही संग्रहाचीच हानी समजायला हवी.

काही कलावंत मागे वस्तू ठेवतात. गोव्यात राहणारे निखिल चोप्रा सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात सलग नऊ दिवस वेगवेगळ्या वेशांत दालनादालनांतून फिरत होते, बरोबरच्या भल्यामोठ्या कापडावर चित्र काढत होते. नऊ दिवस सरले तरी ते रंगवलेलं कापड उरतं.

टिनो सेहगल हा कलावंत तेही ठेवत नाही. वडील भारतीय वंशाचे, आई जर्मन. शिक्षण अर्थशास्त्राचं आणि नृत्याचं. कृतीचा फोटो नाही, छापील सूचना नाहीत, भिंतीवर पाटी नाही, विक्रीचा लेखी करारही नाही. व्यवहार नोटरीसमोर, तोंडी. किंमत, अटी, पुढे ती कृती कुणी शिकवायची, सगळं बोलून सांगायचं आणि ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं. त्याची ‘किस’ ही कृती मोमानं २००८ मध्ये अशीच घेतली. बंदिशींची स्वरलिपी छापून झाली तरी गवई गुरूसमोर बसतोच. सेहगलनं तर लिपीच बाद केली, सगळा भार तालमीवर टाकला.

२०१० च्या जानेवारीत त्यानं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचा गोल चढणीचा मार्ग पूर्ण रिकामा करून घेतला. भिंतींवर एकही चित्र नाही. चढणीच्या पायथ्याशी एक लहान मूल पुढे येतं आणि विचारतं, प्रगती म्हणजे काय? तुम्ही अडखळत काहीतरी सांगता, ते ऐकत तुमच्याबरोबर चालू लागतं. वळणावर एक किशोरवयीन मुलगी भेटते, तुम्ही काय म्हणालात ते मूल तिला सांगतं आणि मागे राहतं. आता ती वाद घालते. आणखी वर तिची जागा एक मध्यमवयीन माणूस घेतो. शेवटी म्हातारपणाकडे झुकलेल्या एक बाई संथ पावलांनी तुमच्या सोबतीला येतात, स्वतःच्या आयुष्यातलं काही सांगतात. माथ्याशी पोहोचलात की त्या थांबतात, या कृतीचं नाव ‘ही प्रगती’, एवढं सांगतात आणि निघून जातात.